खिडकीपलीकडची वही

‘डेटा म्हणजे कच्ची तथ्ये. इन्फर्मेशन म्हणजे प्रक्रिया करून उपयोगी झालेला डेटा. सिस्टिम म्हणजे परस्परांशी निगडित घटकांचा समूह.’ जबलपूरच्या एखाद्या महाविद्यालयात वाणिज्य शाखेत शिकणारा मुलगा ही तीन वाक्ये परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतो, सकाळी उत्तरपत्रिकेत उतरवतो आणि दुपारपर्यंत विसरूनही जातो. त्याला फारसा दोष देता येत नाही. ‘बिझनेस इन्फर्मेशन सिस्टिम्स’ हा विषय बी.कॉम., बी.बी.ए., बी.सी.ए. अशा अनेक अभ्यासक्रमांत कोणत्या ना कोणत्या नावाने असतो. पण त्यातली उदाहरणे बहुधा परदेशी कारखान्यांची आणि तिथल्या भल्यामोठ्या दुकानांची असतात. शिवाय पुस्तकाच्या मुखपृष्ठावर संगणकाचे चित्र असते. त्यामुळे हा संगणकाचाच विषय आहे, अशी मुलांची आणि पुष्कळदा पालकांचीही समजूत होते. गोंधळाची सुरुवात तिथेच होते.

वास्तविक या विषयाचा पहिला धडा घरातच आहे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कॅलेंडर टांगलेले असते. दूधवाला आला नाही की गृहिणी त्या तारखेच्या चौकटीत ‘खाडा’ लिहिते किंवा नुसती फुली मारते. पाहुणे आले म्हणून जास्त दूध घेतले, तर ‘अर्धा जास्त’ असे बारीक अक्षरात टिपून ठेवते. ही फुली म्हणजे डेटा. एकटी फुली काही बोलत नाही. महिना संपला की हिशेब होतो : रतीब रोजचा दीड लिटर, तीस दिवसांत चार खाडे, एकदा अर्धा लिटर जास्त; म्हणजे दूध आले साडेएकोणचाळीस लिटर. ही झाली माहिती, कारण तिच्यावरून पैसे द्यायचे आहेत. आणि चारही फुल्या सोमवारीच पडल्या आहेत हे तिच्या लक्षात आले, तर पुढच्या महिन्यात रतीब बदलायचा की काय, हे ती ठरवू शकते. नोंद, हिशेब, निर्णय. पाठ्यपुस्तकातल्या पहिल्या तीन प्रकरणांचे सार या एका पानावर आहे.

आता ती गृहिणी आठ दिवस माहेरी गेली असे समजा. कॅलेंडर भिंतीवर आहे, पेन दोरीला बांधलेले आहे, दूधवालाही तोच आहे. पण फुली मारायची कोणी, हे ठरलेले नाही. महिनाअखेर दूधवाला सांगेल तो आकडा खरा मानावा लागतो. सामग्री होती तशीच राहिली आणि व्यवस्था मात्र कोलमडली. माणसे आणि त्यांनी पाळायची रीत हे या विषयातले अर्ध्याहून मोठे अंग आहे. यंत्राचा क्रमांक त्यांच्यानंतर लागतो. कीर्द-खतावणी लिहिणाऱ्या जुन्या मुनीमजींना हे पक्के ठाऊक होते. व्यवहार झाला त्या दिवशी तो रोजकीर्दीत चढला पाहिजे आणि तिथून खातेवार खतावणीत गेला पाहिजे. त्यात एक दिवसाची चालढकल झाली तरी ते अस्वस्थ होत.

हेच सारे मोठ्या प्रमाणावर चाललेले पाहायचे असेल, तर जबलपूरच्या विद्यार्थ्याला गाव सोडावे लागत नाही. रेल्वे स्टेशनवरची आरक्षणाची खिडकी, विभागीय रेल्वे व्यवस्थापकांचे कार्यालय आणि १ एप्रिल २००३ पासून जबलपूर, भोपाळ व कोटा या तीन विभागांचा कारभार पाहणाऱ्या पश्चिम मध्य रेल्वेचे मुख्यालय, असे तीन मजले या एकाच शहरात आहेत. तळमजल्यावर नोंद होते, मधल्या मजल्यावर तिच्यावर देखरेख होते आणि वरच्या मजल्यावर पुढचे बेत आखले जातात. आणि या गावाचा इतिहासही विषयाला धरूनच आहे.

कलकत्त्याकडून निघालेल्या ईस्ट इंडियन रेल्वेचा फाटा १८६७ मध्ये अलाहाबादहून जबलपूरला पोचला. मुंबईकडून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे रूळ पुढे सरकत होते. ७ मार्च १८७० रोजी त्यांचा शेवटचा दुवा जबलपूरला जुळला आणि मुंबई ते कलकत्ता हा लोहमार्ग अखंड झाला. रूळ जुळले, पण दोन कंपन्या वेगळ्या, त्यांचे हिशेब वेगळे, आणि गंमत म्हणजे दोन्ही टोकांची घड्याळेही वेगळी. मुंबईत स्थानिक वेळेप्रमाणे दुपारचे बारा वाजत, तेव्हा कलकत्त्याच्या घड्याळात एक वाजून गेलेला असे. मग ‘गाडी दहाला सुटेल’ या वाक्याचा अर्थ काय? दहा कोणाचे? रेल्वेने यावर तोडगा काढला तो मद्रासच्या घड्याळाचा. ती वेळ दोहोंच्या साधारण मध्ये पडत होती आणि तीच रेल्वेची वेळ म्हणून चालली. साऱ्या देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १ जानेवारी १९०६ रोजी.

इंग्रजी पुस्तके याला ‘स्टँडर्डायझेशन’ असे भारदस्त नाव देतात. मथितार्थ इतकाच की, एका शब्दाचा अर्थ सगळीकडे एकच असला पाहिजे. आजच्या कोणत्याही कंपनीत पाहा. विक्री विभाग मागणी आली की ‘विक्री झाली’ म्हणतो, हिशेब विभाग बिल फाडल्यावर म्हणतो आणि गोदामवाला माल दाराबाहेर गेल्यावर. महिनाअखेरच्या बैठकीत तीन आकडे येतात आणि तीन अधिकारी भांडतात. प्रत्येक जण खरेच बोलत असतो. हे भांडण कितीही महागडा संगणक आणला तरी मिटत नाही. तो फक्त तिन्ही चुकामुकी अधिक वेगाने छापून देतो.

संगणकाशिवाय व्यवस्था किती चोख असू शकते, याचा नमुना म्हणजे पुठ्ठ्याचे जुने तिकीट. थॉमस एडमंडसन या इंग्रज स्टेशनमास्तरने १८३०च्या दशकात ते बसवले आणि भारतात ते दीड शतकाच्या आसपास चालले. ज्यांनी पाहिले आहे, त्यांना तारीख उमटवणाऱ्या यंत्राचा तो ‘खट्’ आवाज अजून आठवत असेल. प्रत्येक तिकिटावर अनुक्रमांक आधीच छापलेला असे. पाळी सुरू होताना गठ्ठ्यावरचा वरचा क्रमांक टिपायचा, पाळी संपताना पुन्हा टिपायचा. वजाबाकी केली की विकलेल्या तिकिटांची संख्या आली, भाड्याने गुणले की गल्ल्यात किती पैसे हवेत ते कळले. कारकुनाला प्रत्येक उतारूची नोंद करावी लागत नव्हती आणि तरीही एक तिकीट इकडचे तिकडे झाले तर लपत नव्हते. हिशेबतपासनीस ज्याला नियंत्रण म्हणतात, ते त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यातच छापलेले होते. एवढ्या थोड्या लिखाणात एवढी शिस्त आजच्या पुष्कळ पॅकेजांना साधत नाही.

आरक्षणाचे काम मात्र अनुक्रमांकाने भागणारे नव्हते. तिथे अमुक गाडी, अमुक तारीख, अमुक डबा, अमुक बर्थ असा हिशेब होता आणि तो जाडजूड वह्यांत चाले. ज्या गाडीची वही ज्या कारकुनापुढे, त्याच खिडकीशी त्या गाडीची रांग. शेजारची खिडकी रिकामी असली तरी उपयोग नाही, कारण वही एक आणि एका वेळी तिच्यात लिहिणारा हात एक. जबलपूरच्या मराठी कुटुंबाला मे महिन्यात लग्नासाठी मुंबईला जायचे असेल, तर जाण्याचे आरक्षण एक वेळ मिळे. परतीच्या बर्थची वही मुंबईत. मग तार पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. मधल्या स्टेशनांना ठरावीक बर्थांचा कोटा वाटून दिलेला असे. एका गावचा कोटा रिकामा जात असताना दुसऱ्या गावी लोक ताटकळत उभे राहत, आणि हे दोघांनाही कळत नसे. बर्थ कमी होते हे खरेच. पण असलेल्या बर्थची माहिती योग्य जागी पोचत नव्हती, हेही तितकेच खरे.

१९८०च्या दशकाच्या मध्याला दिल्लीत सी.एम.सी. या तेव्हाच्या सरकारी कंपनीने तयार केलेली ‘इम्प्रेस’ नावाची संगणकीय आरक्षणपद्धती सुरू झाली आणि मग मुंबई, कलकत्ता, मद्रास व सिकंदराबाद येथे पसरली. आता कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. रेल्वेने १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘क्रिस’ या संस्थेने पुढे ‘कॉन्सर्ट’ ही नवी पद्धत बांधली, ती १९९४ मध्ये प्रथम सिकंदराबादला आली, आणि १९९९ मध्ये पाचही केंद्रे एकमेकांना जोडली गेली. वह्या पाचच राहिल्या. पण कुठल्याही गावच्या खिडकीतून त्यांतली कुठलीही वही उघडता येऊ लागली. परतीच्या तिकिटाची तार संपली ती अशी. ऑगस्ट २००२ मध्ये आय.आर.सी.टी.सी.ने इंटरनेटवर तिकिटे देण्यास सुरुवात केली आणि खिडकीच घरात आली.

इथे विद्यार्थ्याने दोन गोष्टी नीट पाहून ठेवाव्यात. पहिली दहा आकडी पी.एन.आर.ची. नोंद ओळखायला प्रवाशाचे नाव का वापरत नाहीत? एका डब्यात चार पाटील आणि तीन शर्मा सहज असतात, म्हणून. नाव बदलते, चुकते, दोनदा येते. क्रमांक मात्र त्या एका नोंदीपुरताच असतो. डेटाबेसच्या पुस्तकात ‘प्रायमरी की’ म्हणून जे प्रकरण येते, ते हेच. दुसरी गोष्ट शेवटच्या बर्थची. जबलपूर आणि मुंबई येथे दोन कारकुनांनी एकाच क्षणी तोच बर्थ मागितला तर? एकाचे लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे, हा जुन्या वहीचा नियम यंत्रातही पाळावाच लागतो. त्याखेरीज एकच बर्थ दोघांना विकला गेला असता. फरक एवढाच की ते थांबणे आता डोळ्याची पापणी लवण्याइतके आहे. पूर्वी त्यासाठी अर्धा दिवस रांगेत जाई.

आता ते तीन मजले. खिडकीवर एक तिकीट फाटते, तेव्हा एक व्यवहार नोंदला जातो. याला ‘ट्रान्झॅक्शन प्रोसेसिंग’ म्हणतात. कारकुनाला फक्त एवढेच हवे असते की महानगरी एक्सप्रेसला अमुक तारखेला जागा आहे की नाही. मधल्या मजल्यावरच्या अधिकाऱ्याला एका तिकिटात रस नसतो. त्याला संध्याकाळी हवा असतो तो गोषवारा : कोणत्या गाडीची प्रतीक्षायादी किती फुगली, कुठे जादा डबा जोडावा लागेल. ही ‘मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम’. सगळ्यात वरच्या मजल्यावर वर्षावर्षांचे आकडे लागतात. तिथे प्रश्नच वेगळा असतो : मुळात नियम बदलायचा का?

याचे ताजे उदाहरण पुष्कळांना स्वतःच्या अनुभवाने माहीत आहे. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण करता येत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती मुदत ६० दिवसांवर आली. रेल्वेने त्या वेळी कारण दिले ते असे की, ६१ ते १२० दिवस आधी काढलेल्या तिकिटांपैकी सुमारे २१ टक्के तिकिटे रद्द होतात आणि सुमारे ५ टक्के प्रवासी तिकीट रद्दही करत नाहीत आणि गाडीतही चढत नाहीत. हे दोन आकडे कोणी मुद्दाम पाहणी करून गोळा केलेले नाहीत. खिडकीवरच्या आणि घरोघरच्या नोंदींचीच ती बेरीज आहे. चार महिने आधी आखून ठेवणाऱ्या व्यवस्थित कुटुंबांना हा निर्णय जाचक वाटला, आणि ते गैर नाही. आकडा काय घडते ते सांगतो, काय करावे ते सांगत नाही. ते माणसांनीच ठरवायचे असते आणि त्याची जबाबदारीही माणसांवरच राहते.

वरच्या मजल्यावरचा निर्णय कितीही विचारपूर्वक घेतला, तरी खालची नोंद खरी असली पाहिजे. आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? समजा, एका आजींचे वय ६३ आहे. नातवाने घाईघाईत आकडे उलटे दाबले आणि ३६ पडले. यंत्राने तक्रार केली नाही, कारण ३६ हेही वयच आहे. वयाच्या जागी नाव टाकले असते, तर त्याने लगेच अडवले असते. ज्येष्ठ नागरिकांना आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना जागा असल्यास खालचा बर्थ देण्याची सोय पद्धतीत आहे. पण यंत्राच्या लेखी या आजी छत्तीस वर्षांच्या, म्हणून त्यांना वरचा बर्थ मिळाला. गुडघे दुखणाऱ्या बाईला रात्री साडेदहा वाजता शिडी चढायची वेळ येते, ती दोन आकड्यांच्या अदलाबदलीमुळे. नोंद नियमात बसते की नाही हे तपासणे वेगळे आणि नोंद खरी आहे की नाही हे तपासणे वेगळे. पहिले काम यंत्र करते. दुसरे तिकीट हातात पडल्यावर, पैसे मोजण्याआधी, घरातल्या माणसाने करायचे असते.

या विषयाची एक बाजू पुस्तकांत फारशी येत नाही. ती म्हणजे माहिती कोणाच्या खिशात असते. कागदी तक्ता होता, तेव्हा गाडी सुटल्यावर कोणते बर्थ रिकामे राहिले हे फक्त काळ्या कोटातल्या तिकीट तपासनिसालाच ठाऊक असे. प्रतीक्षायादीतले पाच-दहा जण हातात पिशव्या घेऊन त्याच्यामागे डब्याडब्यांतून फिरत. तपासनीस सचोटीचा असला तरी लोकांचा विश्वास बसत नसे, कारण तक्ता दिसत नव्हता. आणि सगळेच सचोटीचे होते असेही नाही. अलीकडच्या काळात तपासनिसांच्या हाती छोटे यंत्र आले आहे. कोणी आला नाही अशी खूण त्यावर केली की रिकामा बर्थ मुख्य नोंदीत परत जातो आणि आर.ए.सी. वा प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला, किंवा पुढच्या स्टेशनवरच्या प्रवाशाला मिळू शकतो. बर्थांची संख्या एकानेही वाढलेली नाही. माहिती एका खिशातून बाहेर आली, एवढाच बदल. पण पिशव्या घेऊन मागे फिरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने तो फार मोठा आहे. अभ्यासक्रमात ज्याला ‘फीडबॅक’ म्हणतात, म्हणजे कामाचा परिणाम पुन्हा नोंदीकडे परत येणे, त्याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

खिडकी घरात आल्याने नवी दुखणीही आली. तत्काळ तिकिटांच्या पहिल्या काही मिनिटांत दलालांची सॉफ्टवेअर माणसांच्या बोटांपेक्षा वेगाने धावतात. पलीकडे खरोखरच माणूस आहे का आणि तो कोण आहे, हे तपासणे भाग पडले, म्हणून १ जुलै २०२५ पासून इंटरनेटवरच्या तत्काळ तिकिटासाठी आधारची पडताळणी आवश्यक झाली. ज्यांना मोबाइल चालवता येत नाही, ते मात्र अजूनही खिडकीशीच उभे असतात, आणि त्यांचा विचार न करणारी व्यवस्था वेगवान असली तरी अपुरीच म्हणावी लागेल.

१९९०च्या दशकात गावोगावच्या बाजारपेठांत संगणक क्लासच्या पाट्या लागल्या होत्या. वर्डस्टार, लोटस, डीबेस शिकवण्यासाठी पालकांनी पदरमोड करून फिया भरल्या. ती तिन्ही नावे आज मुलांच्या कानांवरूनही गेलेली नसतील. त्या वेळी ज्यांनी नुसत्या कळा पाठ केल्या, त्यांचे शिक्षण त्या पॅकेजबरोबरच संपले. कोणती नोंद कोण करतो, ती कुठे जाते, तिच्यावर कोण काय ठरवतो, हे ज्यांना उमगले, ते पुढे टॅलीवरही बसले आणि आज कंपन्यांत चालणाऱ्या मोठ्या प्रणालींवरही बसतात. नोकरीच्या मुलाखतीत पदवीधर अडखळतो तोही इथेच. एंट्री कशी करायची हे त्याला येते. ती कशासाठी करायची, असे विचारले की तो गप्प होतो.

प्राध्यापकांनी मुलांना प्रकल्पासाठी परदेशी कंपनीची माहिती उतरवून आणायला सांगण्याऐवजी एक सोपे काम द्यावे. एक पक्के तिकीट रद्द झाले की कुठकुठल्या नोंदी बदलतात, त्याचा कागदावर नकाशा काढायचा. बर्थ मोकळा होतो. आर.ए.सी.तला पहिला प्रवासी पक्का होतो, प्रतीक्षायादीतला पहिला आर.ए.सी.त येतो आणि त्याच्यामागच्या प्रत्येकाचा क्रमांक एकाने खाली येतो. रद्द करणाऱ्याचे काही पैसे कापून बाकीचे परत जातात. खिडकीवर रोख दिले असतील तर एका वाटेने, घरून भरले असतील तर बँकेच्या वाटेने. कापलेली रक्कम वेगळ्या खाती जमा होते. तक्ता अजून तयार झाला नसेल तर त्यात हे नाव येतच नाही. झाला असेल तर नियम बदलतात. आणि वरच्या मजल्यावरच्या त्या २१ टक्क्यांसारख्या पुढच्या एखाद्या आकड्यात आणखी एकाची भर पडते. हा नकाशा काढायला संगणक लागत नाही. एक मोठा कागद, पेन्सिल आणि आरक्षणाच्या खिडकीशी घालवलेली एक सकाळ पुरते. फक्त सुट्टीच्या हंगामात जाऊ नये, कारण तेव्हा खिडकीतल्या माणसाला प्रश्नांची उत्तरे द्यायला सवड नसते.